हत्तींच्या पाठीवर झोपलेली राणी : पोर्तुगालची कातारिना आणि आपला गोवा

पायपीट
एप्रिलमध्ये मुलाकडे लिस्बनला होते. बेलेंमधला जेरोनिमुश मठ पाहायला गेलो. दाराशीच वास्को द गामाची कबर आहे, सगळी गर्दी तिथेच. माझे गुडघे बोलायला लागले म्हणून मी सरळ पुढे जाऊन वेदीजवळच्या बाकावर टेकले, आणि बघते तर काय, दोन्ही बाजूंना राजाराण्यांच्या शवपेट्या आणि त्या पेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर! आपल्याकडे देवळाला गजथर असतो, तशी वेदीच्या दोन्ही अंगांना हत्तींची पहाऱ्याला बसवल्यासारखी जोडी. युरोपातल्या चर्चमध्ये हत्ती? मी तिथून हलेचना.

चौकशी केल्यावर कळलं, की वेदीचा हा सगळा भाग १५७१-७२ च्या सुमारास एका राणीने नव्याने बांधून घेतला. कातारिना. तिसऱ्या जुआंव राजाची बायको, स्पेनचा राजा आणि सम्राट असलेल्या पाचव्या कार्लोसची सगळ्यात धाकटी बहीण. नऊ मुलं झाली, नऊच्या नऊ तिच्या हयातीतच गेली. १५५७ मध्ये नवरा गेला तेव्हा गादीचा वारस म्हणून उरला होता तीन वर्षांचा नातू, सेबास्तियांव. त्याच्या नावाने तिने १५५७ ते १५६२ राज्य चालवलं. म्हणजे तेवढी साडेपाच वर्षं लिस्बनपासून गोवा, वसई, चौल, मलाक्कापर्यंतचा कारभार एका पन्नाशीतल्या आजीच्या हातात होता!

घरी आल्यावर मराठीत काही मिळतं का बघितलं, तर जवळजवळ काहीच नाही. जे आहे ते सगळं गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) ओघात, 'लिस्बनहून हुकूम आला' एवढंच. हुकूम पाठवणारं माणूस कोण होतं? आणि तिला दोष द्यायचा की 'पुरुषांच्या दरबारात बिचारी काय करणार' म्हणायचं? माझं मन दोन्हीकडे जातंय. जाणकारांनी लिहावं.

गिरगावकर_जुना
ही तीच ना, जिच्या हुंड्यात मुंबई दिली? आमच्या बेटांची किंमत दहा पौंड भाडं लावणारी पार्टी? :)

पायपीट
नाही हो काका, ती ब्रागांझाची कातारिना, शंभर वर्षांनंतरची. तिच्या लग्नाचा करार १६६१ चा. पोर्तुगीज मंडळींकडे नावांचा दुष्काळ आहे, कातारिना, मारिया, इझाबेल यांतच सगळं भागवतात.

दप्तरदार
आणि दहा पौंड भाडं त्या बाईने नाही, तिच्या नवऱ्याने, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने लावलं, १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला देताना. गंमत म्हणजे ती दुसरी कातारिनाही म्हातारपणी विधवा होऊन पोर्तुगालला परतली आणि भावाच्या आजारपणात तिनेही तिथला कारभार सांभाळला. तिची आई लुइझाही मुलाच्या नावाने राज्य चालवत होती. त्या घराण्यात राजप्रतिनिधी बायकांची रांगच आहे.

धाग्याबद्दल आभार, पायपीटताई. या बाईचं बालपण कुणी लिहिलं नाही, ते आधी लिहितो, कारण त्याशिवाय ती समजत नाही.

कातारिना १४ जानेवारी १५०७ ला जन्मली, बाप मेल्यानंतर. आई म्हणजे कास्तीलची (स्पेनमधलं मोठं राज्य) राणी हुआना, जिला इतिहासाने 'वेडी' ठरवून टाकलंय. नावाला राणी आईच, पण १५०९ पासून तिला तोर्देसियासच्या वाड्यात कोंडून ठेवलेलं. आधी तिच्या बापाने आणि नंतर पोटच्या मुलाने, म्हणजे कार्लोसने. बाकीची भावंडं कुठे कुठे वाढत होती, ही धाकटी तेवढी आईबरोबर आत. हिच्या खोलीत जायचं तर आईच्या खोलीतूनच. मुलीला बाहेरचं काही दिसावं म्हणून भिंतीत एक खिडकी पाडून दिली होती, तिथून ती रस्त्यावर खेळणारी पोरं बघायची.

पुढे कार्लोस फ्लँडर्सहून आला, बहिणीचे जाडेभरडे कपडे बघून हबकला. १५१८ मध्ये आईला पत्ता लागू न देता भिंतीला भोक पाडून त्याने रातोरात तिला पळवलं. हुआनाने अन्नपाणी सोडलं. काही दिवसांतच ११ वर्षांची मुलगी आपल्या पायांनी परत आत. त्यानंतर थेट जानेवारी १५२५ मध्ये, १८ व्या वर्षी, लग्नासाठी बाहेर पडली ती पोर्तुगालला.

म्हणजे 'राणी' हा शब्द या मुलीने पहिल्यांदा पाहिला तो कुलुपाआड. सही एकीची आणि सत्ता दुसऱ्याची, हे तिच्याइतकं जवळून कुणी पाहिलं असेल?

रानजाई
बापरे. तो खिडकीचा तपशील वाचून गप्प झाले.

शिळा_पाव
वाचनखूण साठवली. पुढच्या प्रतिसादाच्या प्रतीक्षेत, चहा टाकलाय.

आत्याबाई
लग्न कसं जमलं तेही लिहा की! मी लिहिते. हे शुद्ध साटंलोटं होतं. कार्लोसची बहीण जुआंवला (१५२५), जुआंवची बहीण इझाबेल कार्लोसला (१५२६). आमच्या गावाकडे दोन घरांत असंच करायचे, हुंडा वाचायचा आणि भांडण झालं तर दोन्ही सुना एकदम माहेरी.

आता पुढची पिढी बघा. कातारिनाच्या मुलाचं, जुआंव मानुएलचं, लग्न लावलं कार्लोसच्या मुलीशी, हुआनाशी (आजीचंच नाव). म्हणजे नवऱ्याच्या बाजूने ती त्याची मामेबहीण, कारण मामाची मुलगी. आणि आतेबहीणही, कारण तिची आई त्याची सख्खी आत्या! एकाच वेळी मामेबहीण आणि आतेबहीण. आपल्याकडे मामाची मुलगी करतात काही ठिकाणी, पण इतकं गच्च विणलेलं मी ऐकलं नव्हतं. सेबास्तियांवला पणजी-पणजोबा आठ असायला हवेत तर चारच आहेत.

जुआंव मानुएल २ जानेवारी १५५४ ला गेला, अवघा १६ वर्षांचा. बायको पोटुशी. २० जानेवारीला मुलगा झाला. चार महिन्यांनी तिला भावाने, दुसऱ्या फिलिपने, स्पेनचा कारभार बघायला बोलावून घेतलं. ती गेली ती गेली, मुलाला पुन्हा कधीच भेटली नाही. इकडे आजी नातवाच्या नावाने पोर्तुगाल चालवतेय आणि तिकडे त्याची आई भावाच्या नावाने स्पेन.

शिळा_पाव
आत्याबाई, तुमचं सदस्यनाव आज सार्थकी लागलं.

फोंडेकार
सगळं खरं, पण जरा थांबा. हत्ती, खिडकी, मेलेली मुलं, हे वाचून डोळे पाणावले की बाकीचं विसरायला होतं. मी फोंड्याचा. आमच्या घरी या साडेपाच वर्षांची आठवण वेगळी आहे, कारण आमचा कुलदेव त्याच काळात नदी ओलांडून आला. मंगेशीचं देऊळ मूळचं कुठ्ठाळीचं, १५६० च्या सुमारास रातोरात लिंग पालखीतून झुआरीपलीकडे, आदिलशाही मुलखात नेलं. कवळ्याची शांतादुर्गा मूळची केळशीची, तीही त्याच दशकात.

आता लिस्बनचे हुकूम बघा. १५५९ चा कायदा : हिंदू मुलाचा बाप मेला, आई-आजाआजी कुणी नाही, की तो 'अनाथ'. त्याला उचलून जेझुइट पाद्र्यांच्या संत पाव्ल कॉलेजात द्यायचा आणि बाप्तिस्मा करायचा. चुलता-मामा दाराशी उभा असला तरी अनाथच! एकत्र कुटुंबात अनाथ कोण असतो हो? १५६० मध्ये इन्क्विझिशनचं न्यायालय गोव्यात आलं, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात बसलं. लोक त्याला 'व्हडलें घर' म्हणत. ते १८१२ पर्यंत चाललं, मध्ये थोडी वर्षं सोडली तर.

हे सगळं 'सेबास्तियांव राजा'च्या नावाने. सेबास्तियांव (आमच्याकडचा बस्त्यांव) तेव्हा पाच-सहा वर्षांचा, लाकडी घोड्यावर बसायचं वय. मग ते कुणाचं? स्वतः नऊ मुलं गमावलेल्या बाईच्या कारकिर्दीत दुसऱ्यांची पोरं उचलायचा कायदा होतो, याला मी 'बिचारी' म्हणणार नाही.

रानजाई
+१. शेवटचं वाक्य लागलं.

तिरकस
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. जातीचा उल्लेख किती प्रतिसादांनंतर येतो ते बघायचं आहे.

दप्तरदार
फोंडेकार, तुमचा राग रास्त आहे आणि तारखाही बरोबर आहेत. पण कारभार कसा चालायचा ते बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

पहिली गोष्ट, गोव्यात इन्क्विझिशन हवं ही मागणी तिची नव्हे. जेझुइट धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियरने १५४६ मध्ये राजाला पत्रात तसं लिहिलं होतं, म्हणजे जुआंव हयात असताना, ११ वर्षं आधी. दुसरी गोष्ट, पोर्तुगालचा मुख्य इन्क्विझिटर होता कार्डिनल हेन्रिक, तिचा सख्खा दीर. न्यायाधीश नेमणं त्याचं काम. आणि तिसरी, हाच दीर तिचा सहकारभारी होता आणि तिच्या खुर्चीवर डोळा ठेवून होता. दरबारात एक बाजू राणीची, एक कार्डिनलची, नातवाचा शिक्षक जेझुइट. तिच्यावर कायमचा ठपका 'ही कास्तीलची, भावाच्या घराकडे ओढणार'. १५५७ मध्ये कार्लोसने, राज्य सोडून मठात बसल्या बसल्या, तिच्याकडे गुपचूप माणूस पाठवला होता, की सेबास्तियांवला काही झालं तर माझा नातू डॉन कार्लोस याला वारस मान. संशय अगदीच हवेतला नव्हता. (तो डॉन कार्लोसही कातारिनाच्या मुलीचाच मुलगा, म्हणजे दोन्ही बाजूला तिचेच नातू.)

आणि टपालाचा हिशोब धरा. जहाजं लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघणार, वारा नीट मिळाला तर सप्टेंबरात गोवा. इकडून डिसेंबर-जानेवारीत परत. एका प्रश्नाचं उत्तर यायला दीड वर्ष. राजा वारला ११ जून १५५७ ला, त्या वर्षीचा काफिला आधीच निघून गेलेला. तेव्हा गोव्यात रोज काय होणार हे लिस्बनमध्ये ठरत नव्हतं, व्हाइसरॉय ठरवायचा.

फोंडेकार
आणि तो व्हाइसरॉय कुणी नेमला? कोन्स्तांतिनु द ब्रागांझा, १५५८, राणीसरकारच्या सहीने. त्याने १५५९ मध्ये दमण घेतलं. १५६० मध्ये जाफन्याहून बुद्धाचा म्हणून मानला जाणारा दात लुटून आणला. ब्रह्मदेशातल्या पेगूच्या राजाने तो परत मिळावा म्हणून डोळे फिरतील इतका पैसा देऊ केला, खजिना रिकामा असल्यामुळे अर्धे पोर्तुगीज अधिकारी 'द्या' म्हणत होते. आर्चबिशपने तो गोव्यात जाहीरपणे खलबत्त्यात कुटला, जाळला, राख नदीत. तुमचा दीड वर्षाचा टपालखर्च नेमणुकीला लागू होत नाही.

दप्तरदार
हा मुद्दा मान्य. नेमणूक तिची.

मिरामार
दाताबद्दल अवांतर : श्रीलंकेत म्हणतात खरा दात कधी गेलाच नव्हता, तो कँडीत सुखरूप आहे. आर्चबिशपने काय कुटलं ते त्यालाच ठाऊक.

खवय्या_नंबर_१
या सगळ्यात व्हिंदालू कधी आलं?

संपादक_मंडळ
खाद्यपदार्थांसाठी वेगळा विभाग आहे. कृपया विषयाला धरून.

गिरगावकर_जुना
मी शोधाशोध केली. १५६२ मध्ये माझगावला म्हणे मोठा वेढा पडला होता आणि या राणीने लिस्बनहून कुमक पाठवून किल्ला वाचवला! आमचं माझगाव इतकं ऐतिहासिक आहे हे नातवंडांना सांगून झालं. भंडारवाड्याच्या टेकडीवर किल्ला होता हे तर मला माहीतच होतं.

पायपीट
काकाऽऽ! ते मोरोक्कोतलं माझागांव! आजचं एल जदीदा.

तिरकस
म्हणजे मोरोक्कन सैन्य डॉकयार्ड रोडला उतरलं नाही तर. अरेरे.

गिरगावकर_जुना
नातवंडांना काय सांगू आता? मुंबई दिली नाही, माझगाव वाचवलं नाही, ही बाई करते तरी काय?

दप्तरदार
काका, तुमच्या चुकीतून चांगला मुद्दा निघाला. मोरोक्कोचा तो वेढा १५६२ च्या वसंतात पडला. नवऱ्याच्या काळात पोर्तुगालने तिथली चार ठाणी परवडत नाहीत म्हणून सोडून दिली होती. हिने पैसा, माणसं, जहाजं गोळा करून माझागांव टिकवलं. लिस्बनमध्ये जल्लोष झाला. तिच्या कारभारातला सगळ्यात मोठा विजय हाच. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लिस्बनला प्रतिनिधींची सभा भरवून तिने राजीनामा दिला, कारभार दिराकडे. त्याआधी १५६० मध्येही सोडायला निघाली होती, तेव्हा लोकांनी थांबवलं होतं.

रानजाई
सासरच्या घरात ३७ वर्षं काढून 'परकी'च. विजय मिळवला तरी परकी. हे काही फक्त पोर्तुगालचं नाही.

ताराऊ_कोल्हापूर
आमच्या ताराबाईंचा मुलगा १७०० मध्ये चार वर्षांचा, हिचा नातू तीन वर्षांचा. पण ताराबाईंनी सात वर्षं औरंगजेबाला फिरवलं. तुलनाच नाही.

मिरामार
ताराबाईंपेक्षा चांदबिबी जवळची वाटते. ती १५८० मध्ये विजापुरात पुतण्याच्या नावाने कारभार बघत होती, मग नगरला मुघलांशी झुंजली. परका-आपला हा आरोप तिच्याही वाट्याला आला, शेवट तर आपल्याच माणसांच्या हातून. आणि गंमत, १५७०-७१ मध्ये चांदबिबीचा नवरा अली आदिलशहा गोव्याला वेढा घालून बसला होता आणि तिचा भाऊ मुर्तझा निजामशहा चौलला. समोर राजा कोण? कातारिनाचा नातू! जग लहान असतं असं म्हणतात ते उगाच नाही.

आत्याबाई
मिरामार, सुंदर. हे डोक्यातच आलं नव्हतं.

शिळा_पाव
मूळ हत्तींचं कुणीच सांगितलं नाही! थोडं मी वाचलंय. या बाईला पूर्वेकडच्या वस्तूंचा जबरदस्त नाद होता. सिलोनच्या हस्तिदंती पेट्या, गुजरातचं शिंपल्याचं काम, चिनी भांडी, पंखे, विषावर उतारा म्हणून बेझोअरचे (जनावरांच्या पोटात सापडणारे) खडे, पोपट, माकडं. नुसतं साठवलं नाही, भावंडं-भाचरांना युरोपभर वाटलं. सिलोनमधल्या कोट्टेच्या राजाने तर हस्तिदंती पेटीवर स्वतःच्या नातवाला लिस्बनचा राजा मुकुट घालतोय असं कोरून पाठवलं. ती पेटी आता म्युनिकला आहे.

आणि खराखुरा हत्तीही पाठवला! तिचा भाचा मॅक्सिमिलियान याला राजाराणीने एक हत्ती भेट दिला. तो चालत चालत आल्प्स ओलांडून १५५२ मध्ये व्हिएन्नात पोचला. बिचारा पुढच्याच वर्षी मेला. त्याच्या हाडांची खुर्ची केली, ती आजही ऑस्ट्रियातल्या एका मठात आहे.

फोंडेकार
तेच म्हणतोय मी. पूर्वेवर प्रेम, पण पेटीत मावेल तेवढंच. १५५१ च्या मोजणीत एकट्या लिस्बनमध्ये दहा हजारांच्या आसपास गुलाम होते, राणीच्या वाड्यातही होते. तेही त्याच जहाजांतून आले.

नवखा_पर्यटक
जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल या राणीच्या नावाने आहे का? १५६२ मध्ये काम सुरू झालं असं फलकावर वाचलं होतं.

मिरामार
नाही. ते संत कातारिनाचं. पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० ला, तिच्या सणादिवशी, गोवा घेतला म्हणून. पण वर्ष बघा, १५६२, राणीच्या कारभाराचं शेवटचं. योगायोग गोड आहे, तुमची चूक माफ.

आत्याबाई
मग शेवट काय झाला? सांगून टाका कुणीतरी.

दप्तरदार
नातू १५६८ मध्ये १४ व्या वर्षी वयात आला म्हणून गादीवर. आजीचं ऐकेना. लग्न करेना. डोक्यात एकच, आफ्रिकेत जाऊन धर्मयुद्ध. आजी कंठशोष करून थकली, एकदा तर कास्तीलला निघून जाते म्हणाली. १२ फेब्रुवारी १५७८ ला ती गेली. ४ ऑगस्ट १५७८ ला मोरोक्कोतल्या अल्काझार-किबिरच्या रणात सेबास्तियांव संपला, २४ वर्षांचा. मग म्हातारा कार्डिनल दीर राजा झाला, दोन वर्षांत तोही गेला, आणि १५८० मध्ये पोर्तुगाल दुसऱ्या फिलिपच्या ओटीत. तो कातारिनाचा भाचा आणि जावईही. ज्या संशयाचा ठपका तिच्यावर होता तेच झालं, तेही तिच्या हाताने नव्हे. गोवा, वसई, चौल ६० वर्षं स्पेनच्या राजाच्या छत्राखाली.

भाऊसाहेब_पानिपत
सेबास्तियांवचं प्रेत नीट ओळखलंच गेलं नाही, त्यामुळे लोक म्हणत राहिले की राजा जिवंत आहे, परत येणार. चार तोतये झाले! त्यातला एक तर माद्रिगालचा मिठाईवाला, १५९५ मध्ये फासावर गेला. आता सांगा, सदाशिवरावभाऊंची आठवण होते की नाही? पानिपतात प्रेताची ओळख वादात, इकडे पार्वतीबाई कुंकू लावून वाट बघतायत, आणि मग भाऊंचा तोतया उभा राहतो, किल्ले घेतो, १७७६ मध्ये पुण्यात मारला जातो. हरलेल्या माणसांना राजा मेलेला परवडत नाही.

पायपीट
भाऊसाहेब, तुम्हाला सांगते, त्याच मठात सेबास्तियांवचीही कबर आहे, तीही हत्तींवरच. आणि तिच्यावरच्या लॅटिन मजकुराचा अर्थ मुलाने वाचून दाखवला : 'बातमी खरी असेल तर' या थडग्यात सेबास्तियांव आहे. कबरीवर 'असेल तर'! मी तिथे हसले होते, आता हसू येत नाही.

दोन दिवस सगळं वाचतेय. फोंडेकार, तुमच्या प्रतिसादानंतर फोटो पुन्हा काढून बघितले. मी 'बिचारी' हा शब्द मागे घेते. दप्तरदारांनी टपालाचा हिशोब मांडला तो पटला, पण १५५९ च्या कायद्याला वारा आणि दीर कारण सांगता येत नाही. भिंतीत खिडकी पाडून रस्त्यावरची पोरं बघणारी मुलगी आणि तो कायदा, ही दोन्ही एकाच बाईची आहेत, आणि मला त्यांची बेरीज करता येत नाहीये.

फोंडेकार
करू नका बेरीज. पुढच्या वेळी गोव्यात आलात की कुठ्ठाळीला चला. मंगेशाच्या मूळ देवळाची जागा दाखवतो. तिथे हत्ती नाहीत.

पायपीट
नक्की येते. डिसेंबरात. पण पायऱ्या किती आहेत ते आधी सांगा.

गिरगावकर_जुना
मीही येतो. नातवंडांना काहीतरी खरं दाखवायला हवं.

खवय्या_नंबर_१
जेवण कुठे?